काढलेला भाग ग्राहकाच्या हातात द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

'गॅरेजवाला म्हटला की फसवणारच' हे वाक्य आमच्या कंपनीच्या कँटीनमध्ये, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, लग्नाच्या पंगतीत, कुठेही कानावर पडतं. त्यावर कोणी वाद घालत नाही आणि कोणी काही करतही नाही. मी अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळते. सुटे भाग, त्यांची बिलं आणि त्यांचं भंगार यांत माझा दिवस जातो. त्या अनुभवावरून मला एकच गोष्ट सुचवायची आहे. गाडीतून काढलेला प्रत्येक जुना भाग बिलासोबत ग्राहकाच्या हातात द्यावा, आणि तोही त्याने न मागता. एवढी पद्धत नाशिकच्या गॅरेजमध्ये पडली, तर कोण खरा आणि कोण खोटा हा वाद बराचसा आपोआप मिटेल.

आमच्या स्टोअर्समध्ये हा नियम फार जुना आहे. ऑपरेटरला नवं ड्रिल हवं असेल तर घासलेलं ड्रिल आधी काउंटरवर ठेवायचं. कार्बाइडचा इन्सर्ट (धातू कापणारं बदलतं पातं) असेल तर त्याची सगळी टोकं वापरून झाली का ते मी बघते आणि मगच नव्या डबीला हात लावते. ज्यांना मी दादा म्हणते, ज्यांची उभी हयात मशीनवर गेली, ती माणसंसुद्धा न बोलता जुना तुकडा पुढे करतात. यात कोणाला अपमान वाटत नाही. तुकडा समोर असला की बोलायला फारसं काही उरतच नाही. आणि इथे आपल्याच गाडीचे हजारो रुपयांचे भाग बदलले जातात, तेव्हा जुना भाग मागितला तर समोरचा माणूस चमकून बघतो.

माझ्याबाबतीत काय घडलं ते सांगते. माझी साधी पेट्रोल हॅचबॅक आहे. गेल्या पावसाळ्यानंतर पुढच्या चाकांतून ब्रेक दाबला की बारीक किंचाळल्यासारखा आवाज यायला लागला. दिवाळीला सासूबाईंना वणीला गडावर न्यायचं होतं, म्हणून गाडी शहरातल्या एका मोठ्या सर्व्हिस सेंटरला सकाळी सोडली आणि कामावर गेले. दुपारी जेवणाच्या सुट्टीत फोन आला. "मॅडम, फ्रंटचे ब्रेक पॅड पूर्ण गेलेत, डिस्कला टर्निंग करावं लागेल, शिवाय इंजिन फ्लश आणि इंजेक्टर क्लीनिंग ड्यू दाखवतंय. करून टाकू ना?" मी विचारलं, पॅड किती मिलिमीटर शिल्लक आहेत? पलीकडे जरा शांतता. मग उत्तर आलं, "मॅडम, सेफ्टीचा प्रश्न आहे. घाटात जाणार ना तुम्ही? घरची माणसं असतात गाडीत."

मी म्हटलं, कशालाच हात लावू नका, संध्याकाळी गाडी घेऊन जाते.

संध्याकाळी गाडी ताब्यात घेतली तेव्हा पुढच्या दोन्ही व्हील कॅपवर पाथर्डी फाट्याचा वाळलेला चिखल जसाच्या तसा होता. माझ्या गाडीला लोखंडी चाकं आणि त्यांवर प्लॅस्टिकच्या कॅप आहेत. कॅप आणि चाक काढल्याशिवाय त्यातले पॅड नीट दिसत नाहीत. म्हणजे चाक उघडलंच नव्हतं आणि जॉब कार्डावर मात्र पॅडसमोर 'बदला' अशी खूण होती.

दुसऱ्या दिवशी द्वारकेजवळच्या एका लहान गॅरेजमध्ये गेले. मिस्त्रींनी जॅक लावला, चाक उतरवलं, कॅलिपर (पॅडला डिस्कवर दाबणारा भाग) वर उचलून पॅड काढला, चिंधीने पुसला आणि माझ्या हातावर ठेवला. "बघा ताई, तुम्हीच सांगा." माझ्या पर्समध्ये कामाची सहा इंची स्टीलची पट्टी असते. मोजलं तर लोखंडी पाठीवरचा मसाला सहा मिलिमीटर भरला. नवा पॅड साधारण दहा मिलिमीटरचा असतो आणि तीनच्या खाली गेला की बदलायचा. आवाज कशाचा, तर पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झाला होता आणि कडेला पावसाची गंजमिश्रित धूळ घट्ट बसली होती. त्यांनी पॅड पॉलिश पेपरवर घासला, कॅलिपरच्या पिना साफ करून ग्रीस लावलं आणि चाक बसवलं. आवाज गेला.

पण तिथे मला एक खर्चही निघाला, आणि तो सांगितलाच पाहिजे. मिस्त्रींनी गाडीखाली टॉमी (लोखंडी पहार) घालून चाकाला धरून ठेवणारा लोअर आर्म जरा दाबला आणि टॉर्च मारून मला वाकून बघायला सांगितलं. त्याच्या सांध्यातल्या बुशचं रबर अर्ध्याहून जास्त फाटलेलं होतं, दाबलं की चीर तोंड उघडायची. खड्ड्यातून जाताना जो 'खट' आवाज येतो तो याचा, असं ते म्हणाले. मी लगेच हो म्हटलं. नवा भाग सीलबंद पाकिटातून माझ्यासमोर काढला, पाकिटावरची छापील किंमत मी वाचली, आणि फाटलेला बुश घरी आणला. काम स्वस्तात झालं म्हणून ते गॅरेज प्रामाणिक, असं मी म्हणणार नाही. जे बदलायचं ते आधी डोळ्यांनी दाखवलं, म्हणून मी त्याला प्रामाणिक म्हणते.

मोठ्या सेंटरच्या मॅनेजरना मी लेखी तक्रार दिली. त्यांनी सभ्यपणे उत्तर दिलं की इतक्या किलोमीटरला सिस्टीम पॅड तपासायला दाखवते, ॲडव्हायझरने ते 'बदला' असं वाचलं. हे खरंही असेल. आमच्या बिल्डिंगमधला एक मुलगा अशाच एका ठिकाणी (ते सेंटर वेगळं) ॲडव्हायझर म्हणून काम करून आता दुसरीकडे लागला आहे. त्याने जे सांगितलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. महिन्याला अमुक इतके इंजिन फ्लश (रसायन घालून इंजिन आतून धुणं), इतकी एसी क्लीनिंग, इतकी कोटिंग विकायची असं टार्गेट त्याला असायचं. टार्गेट झालं तर इन्सेंटिव्ह आणि नाही झालं तर सगळ्यांसमोर बोलणी. त्या पोराला गाडी कशी चालते ते चांगलं ठाऊक होतं, शिकलेला मुलगा आहे. पण त्याच्याकडून कोणी निदान मागतच नव्हतं, विक्री मागत होतं. अशा जागी बसवलेला माणूस स्वभावाने सरळ असला तरी ग्राहकाला त्याचा काय उपयोग?

म्हणून 'अधिकृत म्हणजे खात्रीचं' आणि 'लहान म्हणजे लबाड' ही समजूत मला मान्य नाही. उलटही मान्य नाही. लहान गॅरेजमधले प्रकार आपण सगळे जाणतो. ओरिजिनल डब्यात लोकल फिल्टर, चार लिटर ऑइलचे पैसे आणि इंजिनात जेमतेम तीन, बॅटरीच्या टर्मिनलला नुसता पांढरा थर आलेला असताना 'बॅटरी डेड' म्हणून नवी गळ्यात मारणं. शिवाय बिल मागितलं की, "बिल पाहिजे तर जीएसटी लागेल बघा." हे साफ चुकीचं आहे. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या कारागिराला सहसा जीएसटी नोंदणीच लागत नाही. त्याने कर न लावता साधं बिल द्यावं, त्याला कोणी अडवलेलं नाही. आणि ज्याची नोंदणी आहे त्याने तर बिल द्यायलाच हवं. माझ्या द्वारकेच्या मिस्त्रींनीही आधी काचकूच केली. मी आग्रह धरला तेव्हा वहीतलं पान फाडून तारीख, गाडीचा नंबर, भाग, मजुरी असं सगळं लिहून दिलं आणि खाली सही केली. मला तेवढं पुरे होतं.

आता एक गोष्ट ग्राहकांच्या बाजूची. ती मला फार टोचते. आपण तपासणीचे पैसे द्यायला तयार नसतो. मिस्त्रीने अर्धा तास गाडीखाली घालवून "काही झालेलं नाही, बिनधास्त चालवा" असं सांगितलं, तर आपण किल्ली उचलतो, "वा, बरं झालं" म्हणतो आणि निघतो. त्या अर्ध्या तासाचे त्याला शून्य. तेच त्याने एखादा भाग बदलला तर मजुरीही मिळते आणि भागावरचं कमिशनही. मग खरं सांगणाऱ्याचं पोट कसं भरायचं? डॉक्टरांनी तपासून 'काही नाही' म्हटलं तरी आपण फी देतोच ना. ब्रेकचं काम झाल्यावर मी मिस्त्रींना तपासणीचे वेगळे तीनशे रुपये दिले, तर ते घेईनात. "ताई, बघायचे कसले पैसे?" शेवटी मी बिलावर 'तपासणी मजुरी' अशी ओळच लिहायला लावली. ही ओळ प्रत्येक गॅरेजच्या दरपत्रकात असली पाहिजे, आणि ती दिसली की आपण कपाळाला आठ्या घालता कामा नयेत.

चोरी आणि अज्ञान यांतही फरक करायला हवा. एप्रिल २०२० पासून बीएस-६ या प्रदूषणाच्या कडक निकषांच्याच नव्या गाड्या विकल्या जाऊ लागल्या. त्यांत सेन्सर जास्त, वायरिंग जास्त. डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला की मिस्त्री स्कॅनर लावतो आणि एक कोड येतो. तो कोड बिघाड कोणत्या भागात आहे ते सांगत नाही, कोणत्या यंत्रणेचं मोजमाप चुकतंय एवढंच सांगतो. सायलेन्सरमधल्या, धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरकडे बोट दाखवणारा कोड कधी ऑक्सिजन सेन्सरमुळे येतो, तर कधी सायलेन्सरच्या जोडाला हवा लागल्यामुळे. ज्याला हे शिकायला मिळालेलं नाही तो आधी सेन्सर बदलतो, मग वायरिंग, मग कन्व्हर्टर. प्रत्येक वेळी ग्राहकाचे पैसे जातात आणि दिवा तसाच. ग्राहकाला ती लूट वाटते. गॅरेजवाला मात्र खरोखर चाचपडत असतो.

या चाचपडण्याला मोटार कंपन्याही जबाबदार आहेत, हे लोकांना फारसं माहीत नसतं. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. खुल्या बाजारात अस्सल सुटे भाग मिळू द्यायचे नाहीत, स्वतंत्र गॅरेजना दुरुस्तीची माहिती आणि निदानाची साधनं द्यायची नाहीत, असा ठपका होता. एका ग्राहकाच्या तक्रारीवरून ते प्रकरण उभं राहिलं होतं. पुढे अपिलं झाली, ती कोर्टाची लांबड मी इथे सांगत बसत नाही. नंतर २४ डिसेंबर २०२२ ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'राइट टू रिपेअर' हे पोर्टल सुरू केलं. त्यात वाहनंही आहेत. दुरुस्तीची माहिती जितकी मोकळी होईल, तितका द्वारकेचा मिस्त्री अंदाजावर कमी आणि मोजमापावर जास्त काम करेल. ज्या शहरात मोटारी बनतात, डिझेल इंजिनाचे नाजूक भाग बनतात, ज्या शहरात आयटीआयची पोरं दर वर्षी बाहेर पडतात, त्या शहरातल्या गॅरेजला स्कॅनर नीट वाचता येऊ नये हे मला पटत नाही. अंबड-सातपूरच्या कंपन्यांनी आणि आयटीआयने मिळून गॅरेजवाल्यांसाठी संध्याकाळचे वर्ग का घेऊ नयेत?

मूळ मुद्द्याकडे येते. जुना भाग परत देण्याच्या नियमाला एक मोठी पळवाट आहे, आणि हल्ली फसवणूक तिकडेच सरकली आहे असा माझा अंदाज आहे. फ्लश केला, इंजेक्टर साफ केला, एसी निर्जंतुक केला, खालून कोटिंग मारलं, यांत काढलेला भाग काहीच नसतो. दाखवणार काय? बिलात ओळ असते आणि काम झालं की नाही ते देव जाणे. अशा कामांसाठी मी एक साधी पद्धत ठेवली आहे. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात देखभालीचा तक्ता असतो. किती किलोमीटरला किंवा किती महिन्यांनी काय बदलायचं, काय नुसतं तपासायचं, ते त्यात स्पष्ट दिलेलं असतं. इंजिन फ्लश माझ्या पुस्तकात कुठेच नाही. जे तक्त्यात नाही ते कोणी सुचवलं तर मी कारण विचारते: माझ्या गाडीला काय होतंय म्हणून हे करायचं? 'केलेलं बरं असतं' हे कारण मी धरत नाही. ऑइलचंही तसंच. लहान पेट्रोल गाडीत साधारण तीन ते साडेतीन लिटर बसतं, नेमका आकडा पुस्तकात असतो. बिलात तेवढेच लिटर आहेत ना हे बघायला इंजिनिअर असावं लागत नाही.

आणि फोनवर होकार देऊ नये, हे मी माझ्या मैत्रिणींना कळकळीने सांगते. आपण कामात असतो, मागे मशीन चालू असतं, पलीकडचा माणूस घाईत असतो आणि 'सेफ्टी' हा शब्द ऐकला की आईचं मन हो म्हणून मोकळं होतं. बाईची गाडी असली की हा शब्द जरा जास्तच वापरला जातो, हे मी बऱ्याच जणींकडून ऐकलं आहे. प्रत्यक्ष जाणं जमत नसेल तर व्हिडिओ मागवावा. नुसता फोटो नको, तो कोणत्याही गाडीचा असू शकतो. आधी नंबर प्लेट, मग मोबाइल न थांबवता तसाच चाकापाशी नेऊन तो खराब भाग, असा सलग व्हिडिओ. प्रामाणिक गॅरेजला एक मिनिट लागतं.

फसवणूक झालीच तर गप्प बसू नये. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा जुलै २०२० पासून लागू आहे. सेवेचं बिल न देणं हीसुद्धा त्यात अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही, वकील लावण्याची सक्ती नाही आणि तक्रार ऑनलाइनही करता येते. पण त्यासाठी हातात कागद हवा. जॉब कार्ड, एस्टिमेट आणि बिल नसेल तर आयोग तरी काय करणार? आणि जुना भाग जपून ठेवला असेल तर त्याच्याइतका बोलका पुरावा दुसरा नाही.

हे सगळं आत्ताच लिहिण्याचं कारण २०२७ चा सिंहस्थ कुंभमेळा. मुंबई-आग्रा महामार्गाने, पुण्याकडून सिन्नरमार्गे, गुजरातेतून पेठ रस्त्याने गाड्यांची रीघ लागेल. कसारा घाट चढून आलेली कोणाची क्लच प्लेट जळालेली असेल, कोणाचं इंजिन तापलेलं असेल. परक्या गावात, घरची म्हातारी माणसं गाडीत, भाषा वेगळी, अशा अवस्थेत तो माणूस आपल्या एखाद्या गॅरेजच्या दारात उभा राहील. त्याला ना देखभालीचा तक्ता आठवेल, ना हेल्पलाइन. त्याला जे सांगतील ते तो मान्य करील. रस्ते, घाट आणि पार्किंग यांच्या बैठका चालू आहेत. त्यात एक विषय हाही घ्यावा, अशी माझी महापालिकेला, आरटीओला आणि गॅरेजवाल्यांच्या संघटनांना विनंती आहे. महामार्गावरच्या आणि त्र्यंबक रस्त्यावरच्या प्रत्येक गॅरेजबाहेर मराठी-हिंदीत एक फलक असावा. त्यावर तपासणीचा दर, नेहमीच्या कामांची मजुरी, आणि 'काढलेला जुना भाग बिलासोबत परत मिळेल' ही ओळ. जे गॅरेज हे स्वेच्छेने करतील त्यांची नावं पोलिसांच्या आणि महापालिकेच्या मदत केंद्रांवर लावावीत. प्रामाणिक कारागिराला याहून चांगली जाहिरात कोणती मिळणार? त्यात त्याचा पैसाही जायचा नाही.

गॅरेजवाल्यांपैकी काहींना हे पत्र वाचून राग येईल. त्यांना मी एवढंच सांगेन की तुमच्यातल्या चांगल्या माणसांसाठीच मी हे लिहिते आहे. सहा मिलिमीटरचा पॅड माझ्या हातावर ठेवून एक नवा सेट विकायची संधी सोडणारा मिस्त्री आणि चाक न उघडता 'बदला' लिहिणारा सल्लागार, दोघांनाही लोक एकाच शब्दाने ओळखतात, हे त्या मिस्त्रींवर अन्यायाचं आहे. फरक दाखवायला त्यांच्याकडे काहीतरी हवं.

माझ्या गाडीची पुढची सर्व्हिसिंग पावसाळ्याआधी आहे. जॉब कार्डावर सही करण्यापूर्वी मी त्यावर 'बदललेले सर्व भाग परत द्यावेत. फोनवर मंजुरी नाही' असं हाताने लिहिणार आहे. ही ओळ नाशिकच्या जॉब कार्डांवर छापूनच यावी, अशी मागणी इतर वाचकांनीही आपापल्या गॅरेजमध्ये करावी.

आपली,
एक वाचक
पाथर्डी फाटा, नाशिक